चढालाच का अडकतो?

खंबाटकी घाट अर्धा चढून झाला होता, गाडी दुसऱ्या गियरमध्ये होती, पुढचं वळण संपलं की जरा सपाटी येते तिथे तिसरा टाकू म्हणून क्लच दाबला आणि लिव्हर काढायला गेले तर लिव्हर हलेचना. पुढे नाही, मागे नाही, अंगाकडे नाही. मागे उसाचा ट्रक, पुढे कंटेनर. दुसऱ्यातच गाडी रेटत रेटत वर नेली आणि जिथे ट्रकवाले इंजिन थंड करायला थांबतात त्या रुंद जागेत बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि साताऱ्याला आईला फोन केला.

बाबांना नाही, आईला. कारण गाडी बाबांच्या नावावर असली तरी चालवली ती आईनेच. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, पांढरी, बुकिंग करून कितीतरी महिने वाट बघून घेतलेली. आई कोरेगावला शाळेत होती, साताऱ्याहून जाऊन येऊन रोज चाळीसेक किलोमीटर, आणि त्या काळी आमच्या भागात नऊवारी नेसणाऱ्या सासूला शेजारी बसवून फियाट चालवणारी बाई म्हणजे रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. बाबांनी चालवायचा नाद कधीच सोडून दिला होता, त्यांचं खातं डायरीचं. पेट्रोल किती, किलोमीटर किती, ऑइल कधी बदललं, ग्रीसिंग कधी केलं, सगळं तारखेनिशी.

आई म्हणाली, "इंजिन बंद केलंस ना? बॉनेट उघड. स्टीअरिंगची दांडी खाली जिथे संपते तिथे दोन छोटे लिव्हर दिसतील, त्यांना दांड्या जोडल्यात. फडकं घे हातात, भाजेल. एक लिव्हर अडलेला असेल, दुसरा जरासा पुढेमागे करून बघ. जोर लावू नकोस, खट्ट वाजेल."

खरंच खट्ट वाजलं. आत येऊन लिव्हर हलवला तर मोकळा.

ज्यांनी फक्त खालचा गियर बघितलाय त्यांच्यासाठी सांगते. पद्मिनीला गियरचा दांडा दोन सीटच्या मधे जमिनीवर नाही, स्टीअरिंगच्या खाली डाव्या हाताला आहे. आपल्याकडे त्याला कोणी हाताचा गियर म्हणतं, कोणी स्टीअरिंग गियर. हे डिझाइन मूळ इटलीतल्या फियाट ११००चं, ती तिकडे १९५३ मध्ये आली, तेव्हा पुढचं सीट म्हणजे एक सलग बाकडं असायचं, तिघं बसायचे, मधे दांडा आला तर तिसऱ्याचे पाय कुठे ठेवायचे. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ती गाडी बनवली, १९६४ पासून ११०० डिलाइट, मग सत्तरच्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी. नावं बदलत गेली पण हाताचा गियर राहिला, अगदी शेवटच्या काही मॉडेलांत फ्लोअर शिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा दांडा, आला तेवढाच. ॲम्बॅसॅडरलाही वर्षानुवर्षं तोच प्रकार. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीतल्या बहुतेक ड्रायव्हरांचा डावा हात याच हालचालीवर घडलाय.

या गियरला दोन हालचाली असतात. एक अंगाकडे किंवा अंगापासून लांब, त्याने ओळ निवडायची, म्हणजे पहिला-दुसरा एका ओळीत, तिसरा-चौथा दुसऱ्या ओळीत, रिव्हर्स वेगळा. दुसरी वर-खाली, त्याने गियर पडतो. आता गियरबॉक्स तर लांब, इंजिनच्या मागे, आणि तुमचा हात स्टीअरिंगपाशी, त्यामुळे ही दोन्ही कामं लांब लांब दांड्या, कोपऱ्यातले लिव्हर, पिना आणि बुश (पिनेभोवती बसणारी छोटी नळी) यांच्यातून होत होत खाली पोचतात. एक दांडी ओळ निवडते, एक गियर टाकते. आधीचा गियर पुरता सुटायच्या आतच ओळ बदलायला गेली की दोन्ही एकमेकींना अडवतात. गियर अडकला म्हणजे बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं. गियरबॉक्सच्या आत काही तुटलेलं नसतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुण्यात परत येऊन एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी एक फेरी मारली आणि सांगितलं, गियरबॉक्स उतरवावा लागेल, आत सगळं झिजलंय, पार्ट मिळतील की नाही सांगता येत नाही, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून नुसती उभी राहिले. शिवाय स्टीअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे म्हणाले, ते लगेच करून देतो, आणि स्टीअरिंगची दांडी जिथे संपते त्या स्टीअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टमेंटचा स्क्रू आवळून दिला. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण मला आजही राग येतो तो त्याचाच.

त्या रविवारी हळूहळू, तिसरा टाळून, गाडी साताऱ्याला नेली.

आमच्याकडे जुने मिस्त्री आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आता गॅरेज मुलगा चालवतो पण फियाट आली की खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसतात. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारले. पहिला, इंजिन बंद असताना सगळे गियर पडतात का? दुसरा, अडकतो तेव्हा गाडी कुठे असते? तिसरा प्रश्न आईला होता, "वहिनी, लिव्हर सोडला की आपोआप मधे येतो का अजून?"

पहिला प्रश्न मला फार आवडला कारण तो फुकटात अर्धी तपासणी करतो. इंजिन बंद ठेवून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स सगळे टाकून बघायचे. बंद इंजिनवर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर कुरकुरतात, तर क्लच नीट सुटत नाहीये, आधी क्लच बघा. बंद इंजिनवरही अडतात तर दांड्यांचं दुखणं. मग गियरबॉक्सपाशी दांड्या सोडवायच्या आणि तिथले लिव्हर थेट हाताने हलवायचे, ते जर स्वच्छ खट्ट-खट्ट पडले तर गियरबॉक्स निर्दोष, त्याला उतरवायचं काही कारण नाही. आणि चालत्या गाडीत पहिला टाकताना आवाज येतो म्हणून कोणी घाबरत असेल तर घाबरू नये, या गाडीला पहिल्या गियरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गियर आवाज न करता पडावा म्हणून वेग जुळवणारा भाग, नाहीच, गाडी पूर्ण थांबवूनच पहिला टाकायचा, आई तर सिग्नलला गाडी थांबेपर्यंत पहिल्याला हातच लावायची नाही.

दांड्या सोडवल्या, मिस्त्रींच्या मुलाने गाडीखाली झोपून हाताने चारही गियर टाकून दाखवले. स्वच्छ. पुण्यात उतरवायला निघाले होते तो गियरबॉक्स ठणठणीत होता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आईने लगेच दिलं. म्हणाली, "पूर्वी न्यूट्रलला सोडला की स्वतःच तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत यायचा, बघायला लागायचं नाही. आता तिथेच लोंबकळतो." म्हणजे लिव्हरला जागेवर आणणारी स्प्रिंग ढिली पडली होती, किंवा स्प्रिंग चांगली होती पण दांडा ग्रीसशिवाय सुकून जड झाला होता. बाबांनी आतून डायरी आणली. शेवटचं ग्रीसिंग २००९. त्यानंतर गाडी दोनेक वर्षं थोडी थोडी चालली, मग शेडमध्ये उभी राहिली, मी २०२१ मध्ये बाहेर काढली, टायर, बॅटरी, ब्रेक सगळं नवीन केलं, पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं तेही करून घेतलं, आणि स्टीअरिंगच्या दांडीच्या बाजूने जाणाऱ्या त्या गियरच्या दांड्याकडे मात्र कोणी बघितलंच नाही. तो दिसतच नाही ना, डॅशबोर्डखाली अंधारात असतो.

वरून सुरुवात केली. लिव्हर अंगाकडे ओढला की अख्खी स्टीअरिंगची दांडी किंचित खाली यायची, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मला वाटायचं गियरचाच प्ले आहे. डॅशबोर्डखाली जिथे ही दांडी, म्हणजे कॉलम, ब्रॅकेटने धरलेली असते तिथले दोन्ही बोल्ट सैल, आणि वरचा बुश कुजून भुगा झालेला. ज्याच्या आधाराने लिव्हर हलतो ती दांडीच हलत असेल तर खाली हालचाल पोचणार किती? बोल्ट आवळले आणि त्याच क्षणी चाकात आणि गियरमध्ये दोन्हीकडे फरक कळला.

मग खाली एकेक जोड. प्रत्येक जोडात पिनेला बुश असतो, आमच्या गाडीचे काही बुश तर उरलेच नव्हते, पिन मोकळ्या भोकात खुळखुळत होती. एका ठिकाणी पिनेची एक बाजू इतकी खाल्ली होती की ती गोल राहिलीच नव्हती, बदामासारखी झाली होती. एकेका जोडात एवढासाच ढिलेपणा, पण असे पाच-सहा जोड एकापुढे एक, सगळा ढिलेपणा बेरीज होत होत वर येतो आणि हाताशी लिव्हर वीतभर फिरला तरी खाली गियर पडत नाही. नवीन रबरी बुश पुण्यात नाना पेठेत मिळाले पण वर्षानुवर्षं पाकिटात पडून कडक झालेले, म्हणून मिस्त्रींनी नायलॉनचा रॉड आणून टर्नरकडून लेथवर मापाचे करून घेतले. पिना नवीन. स्प्लिट पिना, म्हणजे मोठी पिन निसटू नये म्हणून टोकाला घालून वाकवायच्या बारीक पिना, त्याही नवीन, जुन्या वाकवून परत घालायच्या नाहीत, यावर मिस्त्री फार कडक होते, "चार आण्याची पिन निघाली तर घाटात दांडी खाली लोंबेल ताई," असं म्हणाले.

बुश झाल्यावरच दांड्यांची लांबी ॲडजस्ट करायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. दांडीला आटे असतात, लॉकनट सोडून लांबी कमी-जास्त करता येते, आणि बरेच जण बुश न बदलता आधी तिथेच हात घालतात, गाडी त्या दिवशी छान चालते आणि आठवड्यात परत तीच तक्रार. गियरबॉक्सवरचा लिव्हर न्यूट्रलला, वरचा लिव्हर न्यूट्रलला, आणि मग दांडी अशा मापाची की पिन भोकात न ढकलता आपसूक बसली पाहिजे. ढकलावी लागली तर माप चुकलं.

हे सगळं करून संध्याकाळी फेरी मारली. गावात सुंदर. यवतेश्वरच्या चढाला लागलो आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना पुन्हा अडला.

मी गाडीतच बसून राहिले. दोन दिवस गेले होते, सुट्टी संपत आली होती. आई शेजारी बसली होती ती म्हणाली, "चढालाच का अडकतो पण? सपाटीला दहा वेळा टाकलास, अडला नाही."

परत येऊन मिस्त्रींना तेच वाक्य सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. हाच तर त्यांचा दुसरा प्रश्न होता, अडकतो तेव्हा गाडी कुठे असते, आणि मी त्याचं उत्तर "कुठेही" असं देऊन टाकलं होतं. त्यांनी मला सीटवर बसवलं, हँडब्रेक ओढून ब्रेकवर पाय दाबून ठेवायला लावला, सगळ्यांना गाडीच्या समोरून बाजूला केलं, आणि दुसरा घालून क्लच जरासाच सोडायला सांगितला, गाडी ओढ घेईल एवढाच. बॉनेट उघडं होतं. ओढ बसली तसं इंजिन एका बाजूला असं उचललं गेलं की बाबा, जे लांब डायरी घेऊन उभे होते, तेही पुढे आले.

इंजिन आणि गियरबॉक्स मिळून रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात, गादीवर बसवल्यासारखे, म्हणजे त्यांचा थरकाप बॉडीला लागू नये. आणि स्टीअरिंगची दांडी मात्र बॉडीला धरलेली. गियरच्या दांड्यांचं एक टोक म्हणजे घराच्या भिंतीला आणि दुसरं टोक पाळण्याला बांधल्यासारखं. पाळणा जागेवर असेल तोवर ठीक. आमच्या एका बाजूचं माउंटिंग ऑइल पिऊन पिऊन फुगून फाटलेलं होतं, त्यामुळे चढाला इंजिनवर जोर आला की ते झुकायचं, गियरबॉक्स सोबत झुकायचा, दांड्यांची सगळी मापं बदलायची आणि बरोबर त्याच वेळी मी गियर बदलायला जायचे. सपाटीला जोर नाही, झुकणं नाही, अडणं नाही.

गियरचा आजार इंजिनच्या रबरात. मला या गोष्टीने जेवढं थक्क केलं तेवढं गेल्या कित्येक वर्षांत कशाने केलं नाही. हाताला जे जाणवतं ते हाताशी नसतंच, त्याच्यापासून चार फूट लांब, दुसऱ्याच कोणाच्या तरी पायाखालचं सरकलेलं असतं. दोन्ही माउंटिंग बदलली, दांड्यांची मापं पुन्हा घेतली, कारण इंजिन आता वर उचललं गेलं होतं. त्या दिवसापासून गियर अडलेला नाही.

आता स्टीअरिंगचं. पुण्याच्या गॅरेजने तो स्क्रू आवळल्यापासून स्टीअरिंग सरळ रस्त्यावर घट्ट वाटायचं आणि मला बरंही वाटलं होतं, पण वळणावर वळवलं की परत सरळ यायचं नाही, ओढून आणावं लागायचं. बॉक्सच्या आत वर्म असतो, पेचासारखा आटे असलेला दांडा, आणि त्याला भिडलेला दुसरा भाग त्याच्यावर फिरतो. गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीज मधे जास्त होते, कडेला कमी. मधला ढिलेपणा काढायला स्क्रू आवळला की मधे बरोबर होतं आणि वळवल्यावर, जिथे झीज नाही तिथे, जाम होतं. घाटात वळण घेतलं आणि चाक परत सरळ व्हायला तयार नाही, ही काय गंमत आहे का? गियर अडला तर माणूस फार तर रस्त्यावर अडकतो. स्टीअरिंगच्या बाबतीत असली घाई करणाऱ्याने दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मिस्त्रींनी आधी तो स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. मग आई सीटवर, चाकं जमिनीवरच टेकलेली, आणि मी खाली झोपले. आईने स्टीअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं, बोटभर, हलवत राहायचं आणि मी खालून एकेक जोडावर हात ठेवून बघायचं की हालचाल कुठे हरवते. दांडी हलते पण बॉक्समधून बाहेर आलेला आर्म उशिरा हलतो, तर दोष बॉक्समध्ये. आर्म हलतो पण पुढची रॉड उशिरा हलते, तर त्या जोडात. असं करत चाकापर्यंत जायचं. हाताला कळतं, डोळ्यांपेक्षा चांगलं कळतं, जोडाच्या दोन्ही भागांवर मिळून बोट ठेवलं की आतला धक्का बोटाला बसतो. आमच्याकडे पलीकडच्या बाजूचा आयडलर (रॉडचं दुसरं टोक धरणारा आर्म) आणि दोन टायरॉड एंड (चाकांकडे जाणाऱ्या रॉडच्या टोकाचे जोड), तीन जागी धक्का लागला. बॉक्समध्ये जवळजवळ काही नव्हतं. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं, हललं, कोणीतरी ब्रेक दाबून ठेवला तरी हललं म्हणजे बेअरिंग नाही, किंगपिन, ज्या उभ्या पिनेवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती. किंगपिनचे बुश बदलले, आयडलर, एंड बदलले, शेवटी अलाइनमेंट. बॉक्सला फक्त ऑइल घातलं, ते जवळपास रिकामंच होतं.

मिस्त्रींशी बोलता बोलता कळलं की तरुणपणी ते मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजला होते. काळ्या-पिवळ्या पद्मिनींना २० वर्षांची मर्यादा होती, शेवटच्या नोंदलेल्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा टीव्हीवर बातमी लागली होती ती त्यांनी उभं राहून बघितली म्हणे. टॅक्सीवाल्यांच्या गाडीत गियर अडला की ते सिग्नलला उतरून बॉनेट उघडायचे, हाताने दांडी हलवायचे आणि सिग्नल सुटायच्या आत परत आत. म्हणजे आईने मला फोनवर जे सांगितलं ते तिला कोणी शिकवलं, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला. आईला विचारलं. म्हणाली, "कोणी नाही. कोरेगाव रोडला एकदा अडला, शाळेची घंटा व्हायची होती, काय करते मग."

बाबांनी डायरीत नवीन पान उघडलं. तारीख, किलोमीटर, आणि खाली सगळ्या बदललेल्या पार्टची नावं त्यांच्या त्या सरळ अक्षरात, शेवटच्या ओळीत ग्रीसिंग. २००९ नंतरची पहिली ओळ. मग मला विचारलं, पुढचं कधी करायचं ते पण लिहू का, मी म्हटलं लिहा.

रविवारी दुपारी आईने किल्ली मागितली. कितीतरी वर्षांनी बसली असेल. कोरेगाव रोडला लागलो, ती माझ्याशी तिच्या शाळेतल्या कुठल्यातरी बाईंबद्दल बोलत होती, बोलता बोलताच दुसऱ्यावरून तिसरा टाकला, दोन बोटांनी, लिव्हर नुसता ढकलल्यासारखा, ना बघितलं ना बोलणं थांबवलं. पुढे एके ठिकाणी बैलगाडी आडवी आली म्हणून थांबली, न्यूट्रल केला, हात काढला, आणि लिव्हर आपला आपण सरकून जागेवर आला.

डावीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो, ते अजून राहिलंय. हॉर्नची वायर कॉलममधून जाते, तिचं इन्शुलेशन कुठेतरी घासून बॉडीला लागत असणार. पुढच्या खेपेला स्टीअरिंग व्हील उतरवून बघायचंय.